कोंबड्यांच्या हाकेला येणारा शिक्रा

२४ ऑगस्ट १९८४

हुर्शित आगा,

पत्रात आधी सलाम लिहायचा आणि मग तब्येत विचारायची, एवढं मला शाळेत शिकवलं होतं. त्यापुढचं शिकवायच्या आत बापाने मला गाईमागे धाडलं. तर सलाम. तब्येत विचारत नाही. मुलीच्या घरी, इस्तंबुलात, तयार ताटावर बसणाऱ्या माणसाची तब्येत चांगलीच असणार.

नात माझी आयला, हे पत्र तूच आजोबांना वाचून दाखवणार, कारण ते माझं पाकीट स्वतःच्या हाताने उघडायचे नाहीत. घाईने वाचू नकोस. काही गाळूही नकोस.

लिहायचं कारण दुर्सुन. तोच, ज्याच्या हातावर जन्मभर शिक्रा आणि ज्याच्या बायकोच्या पाठीवर जन्मभर चहाच्या पाल्याची टोपली. काल अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आगा नाहीत तर कड्यावरचं तुमचं खोपट यंदा रिकामंच, मी बसू का तिथे शिक्रे धरायला, उत्तरेकडचे पक्षी आधी तिथूनच जातात. मी म्हटलं, जागा आमची आहे. तो म्हणाला, "जागा आहे हो वहिनी, पण बसणारा कुठंय?" आणि हसला.

ते हसू मला आवडलं नाही. मी म्हटलं, मी बसणार आहे. बोलून गेले. आता बसावं लागणार.

तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. आपल्या लेकीला, नेर्मिनला, काय सांगितलंत ते मला कळलंय. तुझ्या आईने भर दुकानात माझी अब्रू घेतली आणि माझा पक्षी मारला, असं. आयला, आता जरा मोठ्याने वाच. तिसऱ्या तोडणीचा पाला होता, वर ढग दाटले होते, पाला खरेदी करणारे दुपारीच कुलूप लावणार होते आणि माझा गुडघा कलिंगडाएवढा सुजला होता. दोनदा निरोप धाडला. दोन्हीदा उत्तर आलं की पक्षी माणसाळतोय, उठता येत नाही. मग मी टोपली पाठीवर घेऊन झेकीच्या चहाच्या दुकानात शिरले, जिथे कुठली बाई पाऊल टाकत नाही, आणि सगळा पाला तुमच्या पत्त्यांच्या टेबलावर ओतला. पक्षी बिचकून उडाला, खिडकीच्या काचेवर आपटला आणि त्याची मान मोडली. त्याच्या पायातली वादी तुमच्या हातात असती तर हातभर फडफडून परत बसला असता. वादी हातात नव्हती, कारण हातात पत्ते होते. काच मी बसवलेली नाही आणि पत्ते मी वाटले नव्हते.

तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू माझा जीव घेतलास." जीव पक्ष्याचा गेला होता. तुमचा त्याच संध्याकाळी धडधाकट बसमध्ये चढला.

हाजेर


५ सप्टेंबर १९८४

हुर्शित आगा,

उत्तर आलं नाही. वाटही पाहिली नव्हती.

कड्यावर बसते आहे. तुमच्या खोपटात काय सापडलं ते सांगते: सिगारेटची थोटकं, हेझलनटची टरफलं, एक उशी. माझ्या घरातली उशी, जिच्यासाठी मी दोन वर्षं शेजारणीवर संशय घेतला. आणि तुम्ही घरी येऊन म्हणायचात की कड्यावर बसणं म्हणजे हाडं मोडतात.

ही तुमची विद्या, जिच्याबद्दल तुम्ही पुरुष असे बोलता जणू मशिदीत शिकवतात, मी आता करून पाहिली आहे. ओल्या मातीत खणून तो जाडजूड मातकिडा काढायचा. त्याचं आमिष लावून खाटीक पक्षी पकडायचा. खाटकाच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं लावायची, म्हणजे वरून येणारं मरण त्याला दिसत नाही, आणि त्याला काठीच्या टोकाला बांधायचा. मग जाळं लावून फांद्यांच्या आडोशाला बसायचं आणि काठी हलवून खाटकाला फडफडवायचं. किड्याला खाटीक भुलतो, खाटकाला शिक्रा भुलतो आणि शिक्र्याला तुम्ही भुलता. या ओळीत सगळ्यात शहाणा मला तो किडा वाटला. तो निदान कुणामागे धावत नाही.

पहिल्या दिवशी एक सापडला. नर निघाला. मुठीएवढा जीव, डोळ्यांत नुसता राग, कामाला काडीचाही उपयोग नाही. ओळखीचा वाटला. सोडून दिला.

मग चार-पाच दिवस काहीच नाही. खाली दुर्सुन रोज विचारायचा, "काय वहिनी, किती धरले?" मी म्हणायचे, तुझ्यापेक्षा एक जास्त, कारण तोही रिकाम्या हाताने बसला होता. परवा सकाळी पाऊस थांबल्यावर वरून दगड पडावा तशी एक आली, जाळ्यात गुंडाळली गेली आणि उलटी होऊन दोन्ही पायांच्या नख्या माझ्या हातात रुतवल्या. मादी आहे. याच वर्षीचं पिल्लू, पाठ तपकिरी, छातीवर आडवे पट्टे, डोळे फिकट पिवळे. बायकांमध्ये दांडगी म्हणतात तशी. मी तिला पदराच्या कापडात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर, आणि बाळंतिणीचं पोर घेऊन उतरावं तशी खाली उतरले. वाटेत दुर्सुन भेटला. त्याने पाहिलं आणि काही बोलला नाही. एवढ्यासाठीसुद्धा पक्षी धरायला हरकत नव्हती.

तुम्हाला का लिहिते आहे, असं नेर्मिन विचारेल. तिला सांगा, गावातलं कुणी ऐकून घेत नाही म्हणून.

हाजेर


१३ सप्टेंबर १९८४

हुर्शित आगा,

वर्षभराने तुमचं उत्तर आलं. आयलाचं अक्षर, तुमचे शब्द. मी चुलीपाशी बसून वाचलं, अक्षर न् अक्षर. "वादी कुठल्या कातड्याची केलीस? गाईचं कातडं कडक होतं, पाय सोलतो. कुत्र्याचं किंवा बकरीचं मऊ घे. सकाळी छातीचं हाड बोटाने चाचपत जा, म्हणजे पक्षी किती वाळला ते कळेल." बस्स, संपलं पत्र. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, न जाणो आत गुडघ्याबद्दल एखादी ओळ अडकली असेल.

वादी बकरीच्या कातड्याची आहे. मला अक्कल आहे.

तुम्ही लोक सांगता की पक्षी हातावर असला की माणसाला दुसरं काही करता येत नाही. हे मी चाळीस वर्षं ऐकलं आणि तुमच्या हातात पाण्याचा पेला नेऊन दिला. आता ऐका. ती डाव्या हातावर बसली असताना मी उजव्या हाताने मक्याची भाकरी थापली, काळा कोबी चिरला, कोंबड्यांना दाणे टाकले, बरणीतल्या खारवलेल्या मासळीचं पाणी बदललं. गाय तेवढी एका हाताने पिळू देईना. तिने लाथ मारली, पक्षी फडफडला, दूध सांडलं. तेवढा एक दिवस तुमचं म्हणणं खरं होतं, असं लिहून ठेवा.

पहिले दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. चोच उघडी ठेवून माझ्याकडे अशी बघायची जणू मीच तिची सून आणि स्वयंपाक बिघडवला आहे. मी पण बघायचे. मला सासूच्या नजरेची सवय आहे, तुमच्या आईने ती चांगली लावली होती. तिसऱ्या दिवशी चिमणीच्या मांसाचा तुकडा तिने माझ्या बोटांतून ओढला. मग हातावर उडी मारून यायला लागली. मग दोरीवर, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायाला घुंगरू बांधलं आहे.

एक गोष्ट सांगते, हसायचं असेल तर हसून घ्या. मला शीळ घालता येत नाही, पुढचे दात नाहीत. मग हाक कशी मारणार? मी कोंबड्यांना बोलावते तशी "बिली बिली बिली" करते. आधी कोंबड्या धावतात, वरून ही येते. कोंबड्यांना अजून कळलेलं नाही की आपण कुणाबरोबर जेवायला येतो आहोत.

शेजारीण म्हणते, हाजेर, तुला वेड लागलं. मी म्हटलं, आमच्या घरात हे वेड तुझ्या देखतच आलं, तेव्हा तू त्याला कला म्हणायचीस.

हाजेर


२१ सप्टेंबर १९८४

हुर्शित आगा,

या पत्रातलं दुर्सुनने तुम्हाला आधीच कळवलं नसेल तरच नवं. त्याने झेकीच्या दुकानातून फोन केला असेलच. त्या टेलिफोनवर या गावातली एकही चांगली बातमी कधी गेलेली नाही.

परवा उत्तरेचा वारा सुटला, रात्रभर पाऊस पडला आणि पहाटे लावे पक्षी उतरले. समुद्र ओलांडून दमलेले, मक्याच्या कापलेल्या रानात जिथेतिथे. सगळे पुरुष आपापले शिक्रे आणि कुत्री घेऊन लाव्यांच्या शिकारीला पळाले. मीही गेले. अंगणात ती विनादोरीची येत होती, आणखी काय हवं?

रानाच्या कडेला पोचले आणि पंधरा-वीस माणसं मोठमोठ्याने बोलत, खोकत, कुत्र्यांना शिव्या घालत आली. तिची पिसं अंगाला चिकटली, मान ताठ झाली, आणि कुणाचं तरी कुत्रं माझ्या पायात आलं तशी ती हातावरून सुटली. वादी माझ्या हातातून निसटली. हो, निसटली. ओल्या हातातून निसटली, पत्त्यांमुळे नाही. ती रानापलीकडच्या अल्डरच्या झाडावर जाऊन बसली. मी खाली उभी राहून बिली बिली करत होते आणि पंधरा-वीस जण मागे उभे राहून ऐकत होते. एकजण म्हणाला, "आजी, अंडं देईल ती आता." हसून हसून त्यांची कुत्रीसुद्धा हसायला लागली. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला असतात. तुमची आठवण यायला एवढंच कारण पुरलं.

दुपार टळली. माणसं कंटाळून गेली. रान शांत झालं, तेव्हा ती खाली आली, माझ्या हातावर बसली आणि निमूट खायला लागली, जणू काही झालंच नाही. दुर्सुन तेवढा राहिला होता. लांब उभा होता, तिला बुजवू नये म्हणून. त्याने या खेपेला हसून बोलायचं टाळलं.

"वहिनी, पक्षी चांगलाय. पण तुम्ही तो घरात वाढवला. त्याने तुम्हाला पाहिलं आणि गाईला पाहिलं. त्याला काय माहीत, जगात दुर्सुन पण असतो?"

"मग काय करू?"

"झेकीकडे बसवायला पाहिजे. धूर, पत्ते, भांडणं, टेबलावर आपटलेले पेले. ते सगळं बघून पक्षी कंटाळला की तयार झाला. पण ते..." आणि तो थांबला, कारण ते कुठे आहे आणि तिथे कोण जातं आणि कोण जात नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

रात्रभर मी त्याच्यावर जळफळत होते. मग तुमच्यावर. चाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं की तिथे बसणं हा त्यातला भाग आहे. मला वाटायचं, तुम्ही चहा पिता.

हाजेर


३० सप्टेंबर १९८४

हुर्शित आगा,

मी झेकीच्या दुकानात बसते. आठवडा झाला.

तुमचं मधलं पत्र मिळालं. "तिथे जाऊ नकोस, लोक काय म्हणतील." लोक काय म्हणतात ते मी तिथेच बसून ऐकते, त्यामुळे पत्राने कळवायची गरज उरली नाही.

पहिल्या दिवशी दार ढकललं तेव्हा आतलं बोलणं बंद पडलं. झेकी ताट हातात घेऊन तसाच उभा. शेवटी म्हणाला, "हाजेर वहिनी, राग मानू नका. इथे बायका बसत नाहीत."

मी म्हटलं, "मी नाही बसत. ही बसते. तिला एकटीला सोडू?"

त्याने पक्ष्याकडे पाहिलं. शिक्र्याला दारातून परत पाठवलं असं आपल्या लाझ लोकांच्या मुलुखात आजवर कुणी केलेलं नाही आणि झेकीची पहिला होण्याची हिंमत नव्हती. मी तुमच्या खुर्चीवर बसले. खुर्ची खिडकीशी होती, ती मी भिंतीकडे सरकवली. चहा मागवला. तुमच्या त्या प्रसिद्ध चहात पाणीच जास्त असतं, हेही कळलं.

ती पहिल्या दिवशी इतक्या वेळा हातावरून उलटी लटकली की माझा खांदा उतरला. प्रत्येक वेळी उचलून परत बसवायची. वादी बोटांना दोन वेढे. दुपारपर्यंत कुणी मोठ्याने बोललं नाही, शिवी दिली नाही, थुंकलं नाही. मला वैताग आला. मी म्हटलं, अरे, तुम्ही असे मौलवीसारखे बसलात तर हिला काय सवय होणार, रोज भांडता तसे भांडा की. मग एकाने भीत भीत पत्ता आपटला. दुसऱ्या दिवशी दोघे आपटले. चौथ्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावर बांधाच्या हद्दीवरून असं भांडण लागलं की काय सांगू, एकाच्या आईपासून दुसऱ्याच्या आजीपर्यंत सगळ्या बायका मध्ये आल्या, आणि पक्षी एक पाय पोटात घेऊन डोळे मिटायला लागला. झेकीने ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, झाली.

तुमच्यासाठी एवढं लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही: ते बसणं काम आहे. हात भरून येतो, पाठ धरते, आणि इतक्या मूर्खांचं बोलणं दिवसभर ऐकणं हे चहा तोडण्यापेक्षा सोपं नाही. पण त्याला पत्ते लागत नाहीत. मी आठवडाभर बसले, एकदाही लागले नाहीत. आणि ढग आले की मी उठून पाला झाकायला जाते, पक्षी हातावर घेऊनच. तो काही मरत नाही.

हाजेर


९ ऑक्टोबर १९८४

हुर्शित आगा,

पुन्हा उत्तरेचा वारा आला.

तेच रान, तीच माणसं, तीच कुत्री. या खेपेला तिने सगळ्यांकडे अशी नजर टाकली जणू यांचा चहा किती पातळ असतो ते तिला माहीत आहे. तुम्ही मागे सोडून गेलेल्या कुत्र्याने बांधाशी नाक लावलं. तुम्ही करायचात तसं मी तिला मुठीत अंगाभोवती धरलं, पंख मिटवून, छाती तळहातावर. पिसांखाली जीव थाडथाड उडत होता. लावा उठला आणि मी तिला फेकलं. दगड फेकतात तसं, पूर्ण हात मागे नेऊन. इतक्या जोरात मी आजवर फक्त तुमच्यावर भांडं फेकलं आहे.

तिने त्याला जमिनीला टेकूच दिलं नाही.

मी धावत गेले. गुडघा आहे हे मला पोचल्यावर आठवलं. ती लाव्यावर पंख पसरून बसली होती आणि तिने मला जवळ येऊ दिलं. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळपर्यंत चार झाले. दोन दुर्सुनच्या बायकोला दिले, तिला नवऱ्याचे कधी मिळत नाहीत, तो दुकानातच वाटून टाकतो. दोन लोण्यात परतून मी खाल्ले. तुमचा वाटा तुम्ही तिकडे नेर्मिनच्या स्वयंपाकघरात शोधा.

दुर्सुन म्हणाला, "आगांना कळवा वहिनी, असा पक्षी त्यांच्याही हाताला लागला नव्हता." मी म्हटलं, कळवते. कळवलं.

हाजेर


२० ऑक्टोबर १९८४

हुर्शित आगा,

तुमचं पत्र बुधवारी आलं. या खेपेला अक्षरही तुमचंच होतं. "पक्षी सोडू नकोस. खोलीत ठेव, चूल पेटती ठेव, हिवाळा काढू. मी येतो. मला तो बघायचाय." पाकिटात बसचं वेळापत्रकसुद्धा होतं.

मी ते तीनदा वाचलं. तुम्ही येणार, हे पहिल्यांदा कळलं. कशासाठी येणार, हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी बघत होते की आणखी काही लिहिलंय का.

वर्षभर हे घर तुमचं होतं, गळकं छप्पर तुमचं होतं, वीतभर दूर सरकलेलं दार तुमचं होतं. नेर्मिनने सांगितलं तरी तुम्ही आला नाहीत. मी आजारी पडले ते मी कळवलं नाही, पण ते दुर्सुनने कळवलं, हे मला माहीत आहे. तरीही आला नाहीत. आणि एका शिक्र्यासाठी वेळापत्रक.

गुरुवारी वारा दक्षिणेला वळला. वरच्या डोंगरावर पांढरं दिसायला लागलं. तुम्हाला माहीत आहे तेव्हा काय करायचं असतं. तुमच्या बापाने केलं, दुर्सुन करतो, तुम्हीही पूर्वी करायचात, एक पक्षी ठेवून घ्यायची हाव सुटेपर्यंत. शेवटचे पक्षी जातायत तोवर सोडायचं, म्हणजे त्यांच्या मागून वाट सापडते. आठवडा उशीर झाला तर ती इथेच राहते, चुलीच्या धुरात, आणि मग तिला काचेपलीकडचं काही कळत नाही.

दुर्सुन आला होता. म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर मी ठेवतो, आगा येईपर्यंत. मी म्हटलं नको. तो म्हणाला, वहिनी, पक्षी राहिला तर आगा नक्की येतील. मी म्हटलं, म्हणूनच नको.

काल सकाळी मी तिला कड्यावर नेलं. पोट भरेल एवढं खायला घातलं. घुंगरू काढलं. वादी कात्रीने कापली. ती लगेच गेली नाही, कड्याच्या दगडावर बसून पिसं झटकत राहिली. माझ्या तोंडात हाक आली होती. मी तोंड मिटून घेतलं. मग ती उठली आणि खालच्या ओढ्यावरून गेली, मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही. पक्षी पाहत नाहीत, आणि ते बरं आहे.

तर आता इथे बघण्यासारखं काही नाही. वेळापत्रक परत पाठवते आहे. इथे एक म्हातारी आहे, तिचा गुडघा सुजलेला आहे आणि ती तुम्ही पाहिलेली आहे. तिच्यासाठी बसचं भाडं जड वाटत असेल तर तिकडेच राहा. मी चिडणार नाही. मी चाळीस वर्षं चिडलेली आहे, त्यात भर पडायला जागा नाही.

हाजेर


३ नोव्हेंबर १९८४

नेर्मिन,

तुझ्या बापाने तिकडे लोकरीचे मोजे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी ठेवून दिली आहे. डबी लगेच पाठव. मोजे सवडीने चालतील.

तू विचारशील म्हणून सांगते. काल दुपारी बस खालच्या रस्त्याला थांबली आणि हे उतरले. मी पाल्याची टोपली घेऊन तिथेच होते. त्यांच्यासाठी थांबले होते असं त्यांना वाटलं असेल तर वाटू दे, मी टोपली टेकवली होती. त्यांनी आधी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग उजव्या हाताकडे. मग माझ्या मागे, झाडावर.

"माझं पत्र मिळालं नव्हतं का?" मी विचारलं.

"मिळालं. वाटलं, तू रागाने लिहिलंयस." मग म्हणाले, "खरंच सोडलीस?"

"हो."

रस्त्याच्या दगडी कठड्यावर बसले. पेटी पायाशी. मग म्हणाले, "मग मी आलो कशाला?"

मी म्हटलं, "ते मला काय विचारता? बस वरच्या वळणावर फिरून परत येते. पंधरा मिनिटं आहेत. विचार करा."

आणि आम्ही बसलो. चहाच्या झुडपांतून वारा जात होता तेवढाच आवाज. बस फिरून आली. ड्रायव्हरने यांना पेटीसकट पाहिलं, गाडी थांबवली, दार उघडलं आणि हॉर्न वाजवला. तुझ्या बापाने त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हात हलवून त्याला जायला सांगितलं.

मी टोपलीला हात घातला, तर म्हणाले, दे इकडे. पाठीवर घेतली. तीन झुडपं ओलांडून धापा टाकत बसले, सगळा पाला एका बाजूला कलंडला, मी भरला. पुन्हा उचलली, पुन्हा बसले. घर येईपर्यंत अंधार पडला. मी एकटी असते तर दोन खेपा झाल्या असत्या.

दारात पोचल्यावर म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

वर्षभराने विचारलं. मी लगेच सांगितलं नाही. चूल पेटवली, भाकरी थापली, ताट वाढलं. जेवून झाल्यावर सांगितलं, दुखतो.

गोळ्या पाठव. इथे उद्या पाला तोडायचा आहे.

तुझी आई,
हाजेर